गोष्ट सुचणें आणि गोष्ट वाढणें

“गोष्ट लिहावयाची फार इच्छा आहे, परंतु कांहीं सुचत नाहीं,” हें वाक्य वार्षिकाचा अंक निघण्याची वेळ जवळ आली म्हणजे शाळेंत वारंवार कानीं पडतें. बोलणाऱ्यांत आळशी मुलें असतात, तशींच चांगलीं हुशार व वाचनाची गोडी असलेलीं मुलेंही असतात. नवल असें कीं, मधल्या सुट्टींत हींच मुलें एकमेकांस जे प्रसंग रंगवून सांगतात ते ऐकले असतां ह्यांस कांहीं सुचत नाहीं असें कोणीही म्हणणार नाहीं. बैलांच्या बाजारांत आजोबांनीं दलालास कसें बनविलें, शिंगणापूरच्या यात्रेंत धाकटी बहीण कशी हरवली व एका कावडवाल्याच्या खांद्यावर बसून कशी परत आली, हें सांगतांना त्यांची जीभ कोठें अडखळत नाहीं. परंतु तोच मुलगा कागद पुढें घेऊन बसला कीं लिहितो, ‘मुंबईंत एका आलिशान बंगल्यांत रमेश नांवाचा एक तरुण राहत होता.’ लेखकानें मुंबई पाहिलेली नसते, बंगल्याच्या आंत त्याचें पाऊल पडलेलें नसतें, आणि रमेशाशीं त्याची ओळख तर मुळींच नसते. दुसऱ्या पानावर रमेशास मोटारीचा अपघात होतो, कारण त्याचें आणखी काय करावें हें लेखकास कळत नाहीं.

म्हणजे अडचण सुचण्याची नव्हे. आपल्या भोंवतीं जें घडतें तें छापण्याच्या योग्यतेचें नाहीं, खऱ्या गोष्टी दूर कोठें तरी, मोठ्या शहरांत, मोठ्या माणसांच्या घरीं घडतात, अशी एक समजूत मुलांच्या मनांत खोल रुजलेली आहे. पूर्वीं ती पुस्तकांतून व चित्रपटांतून येत असे. आतां ती हातांतल्या मोबाईलच्या पडद्यावरून दिवसभर येत असते. ह्या समजुतीविरुद्ध चार शब्द लिहावे म्हणून ही लेखणी उचलली आहे.

नातेपुत्याच्या मुलांस तर ही समजूत बाळगण्याचें कांहींच कारण नाहीं. आपल्याच माळशिरस तालुक्यांतील अकलूज येथें १९२७ सालीं द. मा. मिरासदार यांचा जन्म झाला. त्यांच्या विनोदी कथांतील माणसें कोण आहेत? गांवांतले थापाडे, उपद्व्यापी व रिकामटेकडे लोक, शाळेंत मन न रमणारीं मुलें, आणि त्यांना शिकवितां शिकवितां हताश झालेले मास्तर. त्यांच्या एका कथेचें नांव ‘भुताचा जन्म’ असें आहे. भूत कसें असतें, हा तेथें प्रश्न नाहीं. खेड्यांत भूत जन्मास कसें येतें, एकाच्या भीतीवर दुसऱ्याची कल्पना कशी चढते, हा प्रश्न आहे. असे जन्म आपल्या गांवांत काय थोडे होतात? पुढें मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर व शंकर पाटील हे तिघे मिळून महाराष्ट्रभर कथाकथन करीत हिंडले, आणि पारावर बसून सांगावी तशी सांगितलेली गोष्ट ऐकण्यास शहरांतील सभागृहें भरून गेलीं.

शिंगणापूरच्या डोंगरापलीकडे माणदेश सुरू होतो. म्हसवडवरून पुढें गेलें म्हणजे आटपाडीचा मुलूख लागतो. मिरासदारांच्याच जन्मवर्षीं त्या मुलखांतील माडगुळें ह्या गांवीं व्यंकटेश माडगूळकर जन्मले. तेव्हां तो प्रदेश औंध संस्थानांत होता. त्यांचें शालेय शिक्षण अर्धवट राहिलें. लहान वयांत त्यांनीं प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली, बेचाळीसच्या चळवळींत उडी घेतली, चित्रें काढण्याचा नाद केला. १९४९ सालीं त्यांचें ‘माणदेशी माणसं’ हें पुस्तक निघालें. त्यांत धर्मा रामोशी नांवाच्या एका म्हाताऱ्याचें चित्र आहे. धर्माच्या अंगावर धड वस्त्र नाहीं हें पाहून लेखक त्यास एक धोतर देतो. कांहीं दिवसांनीं पाहतो, तों धर्मा पूर्वीसारखाच उघडा. लेखकास राग येतो. आणि मग त्यास दिसतें कीं, तें धोतर धर्माच्या लेकीनें आपली लाज झांकण्यास नेसलें आहे.

हें बीज किती लहान आहे पाहा. एका गरिबास धोतर दिलें, एवढेंच. जुनेर देणें हें तर आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं सणावारीं होत असतें. दिलें आणि विसरलें, तर तेथें गोष्ट नाहीं. देणारास राग आला, तेथें बीजास पहिला कोंब फुटला. तो राग कां यावा? दिलेल्या वस्तूचें काय झालें हें विचारण्याचा आपणांस अधिकार आहे, असें देणारास मनांतून वाटत असतें म्हणून. ही गोष्ट धर्माच्या गरिबीची जितकी आहे, तितकीच देणाऱ्याच्या ह्या रागाची आहे. गरिबी सर्वांस दिसत होती. राग एकट्या लेखकास ठाऊक होता. माझें मत असें आहे कीं, केवळ दुसऱ्याचें दुःख पाहून गोष्ट होत नाहीं. तें पाहणाऱ्याच्या मनांत काय हाललें हेंही सांपडावें लागतें.

माडगूळकरांची १९५५ सालीं निघालेली ‘बनगरवाडी’ ही कादंबरी घ्या. एका धनगरवाडीवर एक पोरसवदा मास्तर शाळा चालविण्यास जातो. मुलें शाळेंत यावयाचीं कशीं? तीं शाळेंत बसलीं तर मेंढरांमागें कोण जाणार? ह्या एका साध्या अडचणींतून वाडीचें सारें जीवन हळूहळू उलगडत जातें; तालीम बांधली जाते, राजेसाहेब वाडीवर येतात, आणि शेवटीं दुष्काळ पडून वाडी उठून जाते. नातेपुत्याच्या आसपास मेंढरांचे कळप ज्यानें पाहिले नाहींत असा एकही विद्यार्थी येथें सांपडणार नाहीं. परंतु मेंढपाळाच्या बिऱ्हाडांतील मूल शाळेंत कसें टिकतें, हा प्रश्न कितीजणांनीं स्वतःस विचारला असेल?

त्याच आटपाडीचे शंकरराव खरात हे माडगूळकरांहून सहा वर्षांनीं वडील. त्यांचें ‘तराळ-अंतराळ’ हें आत्मकथन १९८१ सालीं प्रसिद्ध झालें. वडिलांकडे महारकीचें गांवकाम होतें. विहिरींत एक प्रेत तरंगत आहे, त्याच्या राखणीवर वडील बसलेले आहेत, लहान मुलगा त्यांच्यासाठीं भाकरी घेऊन जातो, आणि त्याच्या देखत पोलिसांच्या हुकमानें वडिलांस त्या विहिरींत उतरावें लागतें, असा त्यांत एक प्रसंग आहे. ही कल्पित कथा नव्हे. पण कथा लिहूं पाहणारानें तो वाचावा. त्या विहिरीवर त्या दिवशीं गांवांतील पुष्कळ माणसें उभीं असतील. त्यांतील दुसऱ्या कोणी हा प्रसंग लिहिला असता, तर तो बहुधा प्रेताचा प्रसंग झाला असता. भाकरी घेऊन आलेल्या मुलानें लिहिला म्हणून तो बापाचा प्रसंग झाला. एकाच मुलखांत, जवळजवळ एकाच काळांत वाढलेल्या दोन लेखकांस निरनिराळा माणदेश दिसला, कारण दोघे निरनिराळ्या जागीं उभे होते. तेव्हां विषय शोधण्यापूर्वीं आपण स्वतः कोठें उभे आहों हें पाहणें बरें.

आतां कित्येक विद्यार्थी म्हणतील कीं, आम्ही खरें घडलेलेंच लिहितों. वर्तमानपत्रांतील अपघाताची बातमी घेऊन तीवर गोष्ट केली आहे. बातमी घेण्यास हरकत नाहीं. १८७२ सालीं रशियांत टॉल्स्टॉय यांच्या शेजारच्या एका जमीनदाराकडे राहणाऱ्या स्त्रीनें आगगाडीखालीं जीव दिला. त्या जमीनदारानें तिचा त्याग करून दुसरीशीं लग्न ठरविलें होतें. टॉल्स्टॉय स्वतः जाऊन तिचें प्रेत पाहून आले. पुढील वर्षीं त्यांनीं ‘ॲना कॅरेनिना’ लिहावयास घेतली. परंतु कादंबरींतील ॲनाचें घराणें निराळें, संसार निराळा, दुःखही निराळें. त्या मृत स्त्रीकडून तिनें नांव घेतलें व शेवट घेतला, आणि ती त्या शेवटापर्यंत कां येऊन पोहोंचली हें शोधण्यास लेखकास कित्येक वर्षें व शेंकडों पानें लागलीं. आमच्या विद्यार्थ्यांच्या गोष्टींत अपघात शेवटीं येतो आणि गोष्ट संपते. बातमीही तेथेंच संपलेली असते. मग गोष्टीनें तिच्याहून अधिक काय केलें?

बीज वाढवावयाचें म्हणजे काय करावयाचें, हें एका उदाहरणानें दाखविण्याचा प्रयत्न करतों. उदाहरण मुद्दाम आपल्या गांवचें घेतलें आहे.

आषाढी वारीस जातांना ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुत्यास मुक्काम करते, हें येथील मुलांस सांगावयास नको. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षीं साथीमुळें पायीं वारी झाली नाहीं, पादुका एस. टी.च्या बसनें पंढरपुरास नेण्यांत आल्या. ‘त्या वर्षीं रस्ता रिकामा होता,’ हें वाक्य कोणीही लिहील, आणि तें चांगलें वाक्य आहे. परंतु ती स्थिति झाली. रिकाम्या रस्त्यास कांहीं हवें असत नाहीं आणि त्याचें कांहीं बिघडत नाहीं. म्हणून प्रथम विचारावें, ह्या रिकाम्या रस्त्यानें कोणाचें काय अडलें? समजा, एक म्हातारी आहे. वर्षानुवर्षें एकाच दिंडींतील माणसें तिच्या ओसरीवर पाठ टेंकतात, ती त्यांना पिठलें-भाकरी करून वाढते. त्या वर्षीं कोणी आलें नाहीं. येथें दहांपैकीं नऊ विद्यार्थी काय लिहितील तें आधींच सांगतों. रात्रीं एक अनोळखी वारकरी दारांत येतो, म्हातारी त्यास जेवूं घालते, सकाळीं तो अदृश्य झालेला असतो, आणि तो प्रत्यक्ष विठोबा होता! ही गोष्ट वाईट नाहीं, परंतु ती तुमची नाहीं. ती शेंकडों वर्षें सांगितली जात आहे आणि तुमच्यापूर्वीं अधिक चांगली सांगितली गेली आहे. जें उत्तर सर्वांत आधीं सुचतें तें बहुधा आपलें नसतें, ऐकलेलें असतें. तें बाजूस ठेवून दुसरें, तिसरें शोधावें.

म्हातारीपाशीं एखादी वस्तु असूं द्या. साथीच्या आदल्या वर्षीं एक वारकरी आपले टाळ तिच्याकडे विसरून गेला. त्याचें पूर्ण नांव तिला ठाऊक नाहीं. दिंडींत त्याला ‘अण्णा’ म्हणत, एवढेंच आठवतें. पुढल्या वर्षीं नेईल, म्हणून तिनें टाळ फडक्यांत बांधून उतरंडीमागें ठेवले. पुढल्या वर्षीं वारी नाहीं. त्याच्या पुढल्या वर्षींही नाहीं. २०२२ सालीं वारी पुन्हां पायीं निघाली, दिंडी आली, ओसरी भरली, परंतु अण्णा नाहीं. आतां म्हातारीस एक प्रश्न पडला आहे, आणि तो दिंडीवाल्यांस विचारावा कीं विचारूं नये हा त्याहून मोठा प्रश्न पडला आहे. न विचारलें तर अण्णा जिवंत राहतो!

येथें गोष्ट उभी राहूं लागली. तरी ती अजून एकटीची आहे. घरांत दुसरें कोणी तरी आणा, आणि त्यास दुसरें कांहीं तरी हवें असूं द्या. नातवास शाळेच्या भजनासाठीं टाळ हवे आहेत. किंवा सुनेस वाटतें कीं परक्याची वस्तु घरांत ठेवणें बरें नव्हे, दिंडीच्या हवालीं करावी व मोकळें व्हावें. सून येथें दुष्ट नाहीं हें विशेष ध्यानांत ठेवा. विद्यार्थ्यांच्या गोष्टींत सून, सावत्र आई व सावकार हीं तीन माणसें नेहमीं दुष्टच असतात, हा काय न्याय? सुनेचें म्हणणें बरोबर आहे आणि म्हातारीचेंही खोटें नाहीं, तरच पुढें काय होईल हें वाचकास आधीं कळणार नाहीं. हिचा शेवट मी मुद्दाम लिहीत नाहीं. ज्यास ही गोष्ट घ्यावयाची असेल त्यानें ती घ्यावी. दहाजणांनीं घेतली तरी दहा निराळे शेवट निघतील, आणि ते निघावेत अशी माझी इच्छा आहे.

ह्या कामास एक वही असलेली बरी. तींत सुविचार लिहूं नयेत. बाजारांत भाजी विकणारी बाई गिऱ्हाइकास काय म्हणाली, तें तिच्याच शब्दांत लिहावें, एस. टी. चुकलेला मनुष्य थांब्यावर काय करीत बसला होता तें लिहावें. रोज एक ओळ पुरे. महिन्याभरानें वही उघडली म्हणजे तीस ओळींपैकीं सत्तावीस मेलेल्या दिसतील. दोन-तीन मात्र मनास टोंचतील. जी टोंचते तिच्यावर काम करावें, जी नुसती सुंदर दिसते तिच्यावर नव्हे.

गोष्टीच्या तंत्राविषयीं मराठींत थोडें लिहिलें गेलेलें नाहीं. ना. सी. फडके यांनीं १९३१ सालीं ‘प्रतिभासाधन’ हें पुस्तक लिहून कथानकाची गुंफण, उत्कंठा, विस्मय इत्यादींचा ऊहापोह केला. तें पुस्तक वाचावें. कारागिरी शिकण्यांत कमीपणा नाहीं. परंतु तंत्र हें सुताराच्या रंध्यासारखें आहे. लांकूडच हातीं नसेल, तर रंधा कितीही धारेचा असला तरी चालवावा कशावर? फडक्यांच्या उलट बाजूस वि. स. खांडेकर उभे राहिले व कला जीवनासाठीं आहे असें म्हणाले. ह्या वादांत माझें मन खांडेकरांकडे झुकतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्याचें एक कारण असेंही असेल कीं, १९२० पासून १९३८ पर्यंत ते शिरोड्यासारख्या लहान गांवीं शाळा चालवीत होते आणि तेथूनच त्यांनीं लेखन केलें.

हेतु मनांत धरून लिहिलेली गोष्ट फसतेच, असें कांहीं टीकाकार म्हणतात. तेंही मला मान्य नाहीं. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचें नांव घेतलें जातें ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं निघाली. त्याच्या आदल्याच वर्षीं विधवाविवाहाचा कायदा झाला होता. विधवांचें दुःख लोकांपुढें मांडावें हा लेखकाचा हेतु उघड आहे, आणि त्यासाठीं त्यांनीं यमुनेस नवऱ्याबरोबर प्रवासास पाठवून ठिकठिकाणच्या विधवांच्या हकीकती तिच्या कानांवर घातल्या. तेहतीस वर्षांनीं हरि नारायण आपटे यांनीं ‘करमणूक’ पत्रांतून ‘पण लक्षांत कोण घेतो’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तिची नायिकाही यमुनाच. हेतुही फारसा दूरचा नव्हे. परंतु ही यमू प्रवासास जात नाहीं. ती आपल्याच माहेराची, आपल्याच सासरची हकीकत आपल्या तोंडानें सांगते. पहिलीनें अनेकींचीं दुःखें ऐकलीं, दुसरीनें एकीचें भोगलें. वाचकाच्या मनांत कोणती अधिक काळ राहिली, तें सांगण्याची गरज नाहीं. पहिलीचा मान तरीही मोठा आहे, कारण घरांत कुजबुजण्याची गोष्ट ग्रंथांत आणण्याचें धैर्य तिनें आधीं दाखविलें.

पालकांसही येथें एक विनंति करावयाची आहे. मुलानें गोष्ट लिहून आणली कीं आपण दोन प्रश्न विचारतां: “हिचें तात्पर्य काय?” आणि “अभ्यास झाला काय?” दुसरा प्रश्न अवश्य विचारावा. पहिला मात्र कांहीं काळ आवरावा. तात्पर्य मागितलें कीं मूल आधीं तात्पर्य ठरवितें व मग त्यास शोभेल असा मुलगा, अशी आई व असा भिकारी तयार करतें. त्याऐवजीं “मग पुढें काय झालें?” आणि “तिला तसें कां वाटलें?” असें विचारून पाहावें. ‘श्यामची आई’ आपण मुलांच्या हातीं आनंदानें देतां. साने गुरुजींनीं ती १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली, आणि तींत काय आहे? कोंकणांतील एका गरीब होत चाललेल्या घरांतील आईचें बोलणें-चालणें, रागावणें, समजावणें. आपल्या घरांतील गोष्ट मुलानें लिहिली म्हणजे घराची अब्रू गेली, असें मात्र पुष्कळांस वाटतें.

तें वाटणें सर्वस्वीं चुकीचें आहे असेंही नाहीं. शेजारणीचें गुपित नांवानिशीं लिहून छापावयास देणें हें साहित्य नव्हे, चहाडी होय. नांव, गांव व धंदा बदलल्यानें भागतें असें कित्येकांस वाटतें. पण लहान गांवांत माणूस एका सवयीवरूनही ओळखूं येतो. माझ्यापुरती मीं एक कसोटी ठेवली आहे. ज्याच्यावरून पात्र सुचलें, त्याच्यासमोर ती गोष्ट वाचून दाखविण्याची छाती होईल काय? होत नसेल तर ती वहींतच राहूं द्यावी. कांहीं वर्षांनीं तीच गोष्ट ओळखूं न येण्याइतकी बदलते, आणि बहुधा अधिक चांगली होते.

एक विषय मात्र असा आहे कीं तो वहींत ठेवूं नये, आणि तो मला लिहितां येणार नाहीं. दरवर्षीं साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे मराठवाड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागांत येतात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. माणसास हत्याराचें नांव मिळालेलें आहे आणि आपणांस त्याचें कांहीं वाटत नाहीं. त्यांचीं कांहीं मुलें हंगामापुरतीं इकडल्या शाळांत बसतात आणि पट्टा पडला कीं एका सकाळीं त्यांची जागा रिकामी होते. आपल्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी त्या रिकाम्या जागेविषयीं लिहील तर तें मी आवडीनें वाचीन. परंतु त्या जागीं चार महिने बसून गेलेला मुलगा कधीं तरी लिहिणार आहे. बैलगाडींतून, ट्रॅक्टरमधून दिसलेला रस्ता, मुकादमाची उचल, पहांटेच्या दंवांत भिजलेलें पाचट, आणि वर्गांत शेजारीं बसलेल्या मुलानें डबा उघडतांना किंचित् सरकून घेतलें कीं जवळ ओढलें, हें सर्व तो लिहील. त्या गोष्टींत आपलें नातेपुतें कसें दिसेल, हें आज आपणांपैकीं कोणासही ठाऊक नाहीं.